जिन्यातल्या खुर्च्या

त्या इमारतीला चार मजले होते, लिफ्ट नव्हती आणि जिन्यात सात खुर्च्या होत्या. जिना जिथं वळायचा किंवा मजल्याला टेकायचा, तिथं एकेक. पहिल्या वळणावरची शाळेतून आलेली, लाकडी. तिच्या पाठीवर कुण्या विद्यार्थ्यानं कर्कटकानं गणिताच्या सरांविषयीचं आपलं मत कोरून ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर न्हाव्याची गोल फिरणारी खुर्ची होती, जी आता फिरत नसे. तिच्या वरच्या वळणावर बंद पडलेल्या थिएटरातून उचकटून आणलेलं दोघांचं आसन होतं, नंबरासकट. बाकीच्या आपल्या अशाच, कुणाच्या ना कुणाच्या घरातून बाहेर आलेल्या. एकदम कुणी आणल्या नव्हत्या. पंधरा वर्षांत एकेक येत गेली, जसे केस पिकतात तशी.

रस्त्याच्या टोकाला दगडी फरशा कापायचा आणि घासायचा कारखाना होता आणि इमारत त्याच्याच कामगारांसाठी बांधलेली. पंचवीस-तीस वर्षं ती पांढरी धूळ नाकातोंडात गेली की छाती हळूहळू दगडाची होते. तिथले लोक याला आजार म्हणत नसत. ‘धूळ बसली’ म्हणत, कपाटावर बसते तशी. कपाट काही आजारी नसतं.

या खुर्च्यांचा एक रिवाज होता. जिन्यात बसलेला माणूस कधीही दमलेला नसे. तो कुणाची तरी वाट बघत असे. वरून-खालून जाणाऱ्यानं विचारायचं, “काय, कुणाची वाट बघताय?” बसलेल्यानं म्हणायचं, “जावई यायचाय.” जावई सहा वर्षांत आलेला नसे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असे. तो म्हणे, “येईल, येईल,” आणि पुढच्या खुर्चीपर्यंत जाऊन स्वतः कुणाची तरी वाट बघत बसे. ‘दमलात का?’ असं त्या जिन्यात कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं. उघड्या बटणाबद्दलसुद्धा लोक याहून लवकर बोलतात.

अशा या जिन्यात एका सकाळी प्रगणक चढत होता. वय बावन्न, खांद्याला फॉर्मांची पिशवी, उजव्या गुडघ्याला पँटच्या आतून पट्टा. तब्येत पाहणी विभागात त्याची एकोणीस वर्षं झाली होती. घरोघर जायचं, प्रश्न वाचायचे, चौकोनात खूण करायची. दर वर्षी विभाग त्याच्याकडूनही एक कागद भरून घेई: ‘जिने चढण्यास सक्षम आहे काय?’ तो ‘होय’ लिही. नोकरीच जिन्यांची, दुसरं काय लिहिणार?

फॉर्मात सव्वीस प्रश्न होते, पण सगळं अडलेलं असे अकराव्यावर. ‘गेल्या सहा महिन्यांत, तब्येतीच्या कारणामुळे, लोक सहसा जी कामे करतात ती करण्यात तुम्हाला अडचण आली का? खूप आली. थोडी आली. अजिबात आली नाही.’ हा प्रश्न म्हणे मोठमोठ्या विद्वानांनी दोन वर्षं बसून ठरवला होता. तो जसाच्या तसा वाचायचा. समजावून सांगायचं नाही, उदाहरण द्यायचं नाही, मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही. प्रशिक्षणात नुसत्या भुवईवर अर्धा तास गेला होता.

आणि तक्त्यात धरत ते फक्त ‘खूप’. ‘थोडी’चा चौकोन लोकांना बरं वाटावं म्हणून ठेवलेला. वरच्या कार्यालयात ‘थोडी’ आणि ‘अजिबात नाही’ यांची बेरीज एकाच रकान्यात होई. ही गोष्ट प्रगणकांनी बाहेर बोलायची नव्हती, आणि ते बोलतही नसत, कारण कुणी विचारत नसे.

यंदा एक परिपत्रक निघालं होतं. ज्या वॉर्डात ‘खूप’ म्हणणारे शंभरात पंधरापेक्षा कमी निघतील, तिथली खास सोय अधिक गरजू वॉर्डात हलवण्यात यावी. वाचायला अगदी न्याय्य. फक्त या वॉर्डातली खास सोय म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली श्वासाची खोली, आणि मागच्या पाहणीत या वॉर्डात ‘खूप’ म्हणणारे निघाले होते शंभरात दोन. वॉर्डाचा नमुना म्हणून दर वर्षी पाहणी होई ती या एकाच इमारतीची.

श्वासाच्या खोलीत ऑक्सिजनची दोन यंत्रं होती, चार बाकं आणि एक नर्सबाई. नर्सबाई सगळ्यांना ती तीन चेंडूंची प्लॅस्टिकची नळी ओढायला लावत. जोरात श्वास ओढला की आतले चेंडू वर उठतात. धडधाकट माणसाचे तिन्ही उठतात. इथं तीनवाला कुणी नव्हताच. कारखान्यात जसे हुद्दे असत तसे इथं चेंडू होते. दोनवाले एकवाल्यांशी जरा खालच्या पट्टीत, समजुतीनं बोलत.

आणि सर्वांत जास्त ‘खूप’ कुठं निघाले होते? तर बागा आणि लिफ्टवाल्या वॉर्डात, शंभरात एकतीस. प्रगणकानं तो वॉर्ड सलग आठ वर्षं केला होता. तिथं एका गृहस्थांनी कोपर दुखतं म्हणून टेनिस सुटल्याचं इतक्या कळवळ्यानं सांगितलं होतं की प्रगणकानं खूण जरा ठळकच केली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या ओळखीतले लोक सहसा टेनिस खेळत होते.

परिपत्रक वाचलं त्याच दिवशी प्रगणकानं सहकाऱ्याशी वॉर्डांची अदलाबदल केली. नातेवाइकांची पाहणी स्वतः करू नये असा नियम होता. पण इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आपली सख्खी बहीण राहते, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. ताईचा नवरा, म्हणजे दाजी, आठवड्यातून तीनदा त्या खोलीत जात. एका बाजूनं ताई, सात खुर्च्या, वर यायला पाऊण तास. खोली हलली की संपलंच सगळं. बस, इतकंच होतं. पाहणी नीट झाली पाहिजे, लोकांनी खरं ते सांगितलं पाहिजे.

पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दार उघडून त्याला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. दहा प्रश्न सुरळीत गेले. मग त्यानं अकरावा वाचला.

“कोण लोक?” बाईंनी विचारलं.

“लोक म्हणजे... लोक.”

“ही समोरची धरायची का? ती पाणी बसून भरते. मी अजून उभ्यानं भरते. लिहा, अजिबात नाही.”

“बाई, नीट आठवून सांगा.”

“आठवायचं काय त्यात? बाजार तेवढा मुलगा आणतो. कपडे समोरचीची सून वर नेऊन वाळत घालते. मशीनचं पायडल काढून मोटर बसवली. अडचण कशाची आली मग?”

त्यानं ‘अजिबात नाही’वर खूण केली. भुवई जागेवर ठेवायला त्याला बरेच कष्ट पडले.

दुसऱ्या मजल्यावर फरशी घासणारे एक निवृत्त गृहस्थ होते. दोनवाले. “माझे दोन उठतात,” त्यांनी प्रश्न पुरता व्हायच्या आतच सांगून टाकलं. “अडचण त्या शेजारच्याला विचारा. एकावर आलाय बिचारा.”

शेजारचे एकवाले म्हणाले, “मला? अहो, मी स्वतःच्या पायानं दवाखान्यात जातो. अडचण बघायची तर चौथ्यावर जा. मुकादमांचा अर्धासुद्धा उठत नाही, नुसता थरथरतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “माझं नाव सांगू नका हं.”

असं प्रत्येक दार वरच्या दाराकडे बोट दाखवत होतं. अठ्ठेचाळीस माणसांत ‘खूप’ म्हणाला फक्त एक, तळमजल्यावरचा विशीतला पोरगा. पाय मुरगळल्यामुळे त्याचं दोन महिने फुटबॉल बुडालं होतं. त्यानं ते फार तळमळीनं सांगितलं.

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत प्रगणकानं थिएटरच्या आसनावर एकदा आणि सातव्या खुर्चीवर एकदा, अशी दोनदा कुणाची तरी वाट बघितली होती.

“या मेहुणे,” दाजी कॉटवरूनच म्हणाले. “सरकारी... कामानं... का घरच्या?” दाजी एका दमात दोन शब्द बोलत, बरा दिवस असेल तर तीन. घासाई खात्याचे मुकादम होते ते. एके काळी त्यांची हाक मशिनच्या आवाजावरून पलीकडे जाई.

“दोन्ही,” प्रगणक म्हणाला आणि पिशवी उघडली.

ताई चहा घेऊन आली आणि कॉटच्या कडेला बसली. अकरावा प्रश्न येईपर्यंत ती गप्प राहिली, एवढंच तिच्याकडून शक्य होतं. प्रश्न झाला तशी ती म्हणाली, “खूप. लिही खूप. गेल्या दिवाळीपासून स्वतःच्या हातानं आंघोळ नाही केली यांनी. सदऱ्याची बटणं मी लावते. हसले की मला धडकी भरते.”

“तू... गप,” दाजी म्हणाले. “प्रश्न... मला आहे.”

हे मात्र खरं होतं. व्यक्ती हजर असेल तर तिचंच उत्तर धरावं, असा नियमच होता.

“मग सांगा दाजी.”

“तो कोपऱ्यावरचा... सायकलवाला... गेला ना. त्याला... आली अडचण.” दाजींनी श्वास गोळा केला. “मला काय. मी... आहे की.”

प्रगणकानं पेन्सिल खाली ठेवली आणि एकोणीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. प्रश्न समजावून सांगितला. पंधरा टक्के, परिपत्रक, खोली, नर्सबाई, सगळं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे खोली... हवी म्हणून... मी रडू?”

“रडायचं नाहीये. खरं सांगायचंय.”

“चाळीस माणसं... होती माझ्या... हाताखाली. त्यांना कळलं... मुकादमानं ‘खूप’... लिहून दिलं—”

“फॉर्म गुप्त असतो, दाजी.”

दाजी हसायला लागले. ताईनं घाईघाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हसणं ओसरायला बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, “गुप्त? या इमारतीत... कुणाचा खोकला... ते भिंतीतून... कळतं. लिहा... अजिबात नाही.”

प्रगणकानं लिहिलं. दाराशी ताईनं त्याचं मनगट धरलं. “तू लिही रे बाबा. तुझ्या डोळ्यांनी दिसतंय ना तुला? त्यांचं काय ऐकतोस? ते कारखान्यातच असतात अजून.”

खाली उतरताना तो थिएटरच्या आसनावर बसला. फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेतला. दोनवाले गृहस्थ वर कुणाकडे तरी निघाले होते, आसनाच्या पाठीला हात लावून थांबले.

“काय, कुणाची वाट बघताय?”

“ताईची,” तो म्हणाला.

“येईल, येईल.” आणि ते गेले. म्हणजे पुढच्या खुर्चीपर्यंत.

मग प्रगणकानं खोडरबर काढलं. फॉर्म पेन्सिलीनं भरायचे आणि कार्यालयात बसून शाईनं पक्के करायचे, अशी पद्धत होती. ती कुणी आणि का पाडली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आज ती कामाला आली. शिवणाऱ्या बाई: खूप. दोनवाले: खूप. एकवाले: खूप. दाजी: खूप. ज्यांना ज्यांना त्यानं जिन्यात बसलेलं, भिंत धरलेलं, वाक्याच्या मध्ये थांबलेलं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्या प्रत्येकाला त्यानं एकेक ‘खूप’ दिलं. फुटबॉलवाल्या पोरासकट एकतीस झाले. आपण खोटं लिहितोय असं त्याला जराही वाटलं नाही. उलट एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच खरं लिहितोय असं वाटलं. सरकारी माणसाला असं वाटलं की समजावं, काहीतरी चुकतंय.

चूक संगणकाला तीन आठवड्यांत सापडली. शंभरात दोनवरून एकदम पासष्ट. संगणक काही वाईट स्वभावाचा नव्हता. त्यानं फक्त तो वॉर्ड लाल केला.

फेरतपासणीला पर्यवेक्षिका स्वतः आल्या. बाई सरळ होत्या, कामाला चोख, वयानं चाळिशीच्या. नियमाप्रमाणे प्रगणकालाही सोबत घेतलं. नियमाप्रमाणेच त्यानं तोंड उघडायचं नव्हतं. त्या न थांबता जिना चढत होत्या आणि खुर्च्यांकडे बघत होत्या.

“या कशासाठी?” त्यांनी शिवणाऱ्या बाईंना विचारलं.

“वाट बघायला.”

“कुणाची?”

“ज्याची त्याची,” बाई म्हणाल्या.

पर्यवेक्षिकेनं अकरावा प्रश्न पुन्हा वाचला, जसाच्या तसा, भुवई न हलवता. बाई म्हणाल्या, अजिबात नाही. पर्यवेक्षिका म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही ‘खूप’ म्हणाला होतात.

“मी?” बाईंचा आवाज जिन्यात वरपर्यंत गेला. “मी म्हणाले खूप? कुणी लिहिलं? मी काय अंथरुणाला खिळलेय का?” आणि त्यांनी प्रगणकाकडे अशी नजर टाकली, जणू त्यानं भर चौकात त्यांचा पदर ओढला होता.

पुढं बोलायची गरज उरली नाही. त्या इमारतीत खोकला भिंतीतून जात होता, मग हे का जाणार नाही? पर्यवेक्षिका दुसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा दोनवाले दारात उभे होते, सदरा बदलून. “माझे दोन उठतात,” ते म्हणाले. “नर्सबाईंना विचारा. खूप म्हणे! याच्यापेक्षा मेला लिहायचं.” एकवाले त्यांच्या मागून म्हणाले, “आणि मी काय, मेलेल्यातून उठून आलोय?” चौथ्या मजल्यापर्यंत सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणूस उभा होता. बसलेलं कुणी नव्हतं. साती खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या दिवशी त्या जिन्यात कुणीच कुणाची वाट बघत नव्हतं.

दाजी कॉटवर ताठ बसले होते. ताईनं त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता.

“इथंही ‘खूप’ लिहिलंय,” पर्यवेक्षिका म्हणाल्या. “तुम्ही असं म्हणाला होतात का?”

दाजींनी मेहुण्याकडे बघितलं. एक ‘हो’ म्हणायचं होतं. तेवढ्यानं मेहुण्याची नोकरी वाचली असती, निदान एका फॉर्मापुरती. ताई पदराचं टोक पिळत होती. बाहेर सगळा जिना कान देऊन उभा होता. त्यांत चाळीसपैकी जे उरले होते ते सगळे होते.

“थांबा,” दाजी म्हणाले. कॉटखालून त्यांनी पायानं चपला ओढल्या. “चला. खाली... जाऊन येऊ.”

“अहो, तशी काही गरज नाही,” पर्यवेक्षिका म्हणाल्या. “तोंडी उत्तर पुरे असतं.”

“अहो!” ताई ओरडली.

पण मुकादम निघाले होते. उतरताना ते कठडा धरून उतरले, कुठंही न थांबता. खाली रस्त्याच्या पायरीला पाय लावला आणि वळले. प्रगणक त्यांच्या मागं दोन पायऱ्या, गुडघा आवळून. पहिली खुर्ची गेली. दुसरी गेली. शिवणाऱ्या बाई दारात हात जोडावेत तसे हात छातीशी धरून उभ्या होत्या. न्हाव्याच्या खुर्चीशी दाजींचा श्वास ऐकू यायला लागला, ओल्या लाकडावर करवत फिरावी तसा. दोनवाले हळूच म्हणाले, “मुकादम, टेका जरा.” त्या जिन्यात असं कुणी कधी बोललं नव्हतं. दाजींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थिएटरच्या आसनाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. सगळ्यांनी श्वास रोखला, ज्यांना रोखता येत होता त्यांनी. नंबराच्या पितळी पट्टीवर बोटं जरा वेळ राहिली. मग उचलली गेली. पाचवी. सहावी. सातवी.

पर्यवेक्षिका वर दारात फॉर्म धरून उभ्या होत्या. दाजींचे ओठ शाईच्या रंगाचे झाले होते. ते पर्यवेक्षिकेला दिसलं. बाई आंधळ्या नव्हत्या. पण कर्मचाऱ्यानं वैद्यकीय मत नोंदवू नये असा नियम होता आणि ओठांसाठी चौकोन नव्हता.

“गेल्या सहा महिन्यांत,” त्यांनी वाचायला सुरुवात केली, कारण प्रश्न पुरता वाचल्याशिवाय उत्तर धरता येत नाही. त्यांनी तो पुरता वाचला. दाजी चौकट धरून उभे राहिले.

“अजिबात,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, “नाही.”

पर्यवेक्षिकेनं खूण केली. खालून कुणीतरी टाळी वाजवली. एकच. दुसरी वाजली नाही. पर्यवेक्षिका दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, ताईला म्हणाल्या, “यांना जरा पडू द्या.” आणि गेल्या.

दार लागल्यावर दाजी ताईच्या अंगावर कोसळले. प्रगणकानं पाय धरले, ताईनं खांदे. कॉटवर ठेवल्यावर ताई भावाकडे वळली.

“कशाला लिहिलंस?”

“तूच म्हणालीस, लिही खूप.”

“मी म्हणाले म्हणून?” ताई म्हणाली. “मी पंचवीस वर्षं म्हणतेय, नोकरी सोडा. माझं कधी कुणी ऐकलंय?”

कार्यालयात चौकशी झाली, फार तर दहा मिनिटं. पर्यवेक्षिकेनं शक्य तेवढं सांभाळून घेतलं. “तुम्हाला स्वतःला तब्येतीचा काही त्रास आहे का?” त्यांनी विचारलं. “ताण, रक्तदाब, गुडघे वगैरे? तसं नोंदवलं तर कारवाई सौम्य होते.”

प्रगणकाचा गुडघा टेबलाखाली ठणकत होता. त्यानं फार विचार केला नाही.

“अजिबात नाही, मॅडम,” तो म्हणाला.

त्याला घरी पाठवण्यात आलं. त्या वॉर्डाची अंतिम आकडेवारी लागली, ती मागच्या वेळेपेक्षाही चांगली: त्या फुटबॉलवाल्या पोराचा पायही बरा झाला होता. श्वासाची खोली बागा आणि लिफ्टवाल्या वॉर्डात गेली. तिथं ती तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे ना.

यंत्रं टेम्पोत चढवताना इमारतीतले लोक बघायला खाली आले होते. शिवणाऱ्या बाई तेवढ्या म्हणाल्या की त्या वॉर्डातले लोक फार आजारी असतात म्हणे, त्यांना गरज असेल. नर्सबाईंनी जाताना तीन चेंडूंची एक नळी दाजींसाठी ताईकडे दिली. ती खिडकीत राहिली. चेंडू तळाशी.

दाजी त्या दिवसानंतर जिना उतरले नाहीत. सातवी खुर्ची, दाराखालच्या वळणावरची, ताईनं घरात ओढून घेतली आणि खिडकीशी ठेवली. आता जिन्यात सहाच होत्या. प्रगणक, जो आता प्रगणक नव्हता, रोज सकाळी चार मजले चढून येई आणि दाजींना कॉटवरून खुर्चीत बसवी. संध्याकाळी खुर्चीवरून कॉटवर. मधल्या वेळात दोघं रस्ता बघत. दाजींच्या तोंडून आता एका दमात एकच शब्द येई, त्यामुळे ते निवडून वापरत. कारखान्याचा भोंगा झाला की दिवसातून दोनदा म्हणत, “उशीर.” भोंगा कधीच वेळेवर होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्ष झालं आणि पुन्हा पाहणी आली. या वेळी प्रगणक एक बाई होत्या, दोन मुलांच्या आई, पहिलीच नेमणूक. जिना चढून त्यांना घाम फुटला होता. ताईनं पाणी दिलं. बाईंनी पिशवीतून फॉर्म काढला, पेन्सिल काढली आणि दाजींसमोर मोडा ओढून बसल्या. माजी प्रगणक खिडकीला टेकून उभा होता. त्याला सव्वीसच्या सव्वीस प्रश्न पाठ होते.

दहा प्रश्न झाले. दाजी मानेनं उत्तरं देत होते.

“गेल्या सहा महिन्यांत,” बाईंनी वाचलं, “तब्येतीच्या कारणामुळे, लोक सहसा जी कामे करतात ती करण्यात तुम्हाला अडचण आली का? खूप आली. थोडी आली. अजिबात आली नाही.”

ताई चुलीपाशी थांबली. भांड्याचा आवाज थांबला. दार उघडंच होतं आणि जिन्यात कुणाची तरी चप्पल थबकल्यासारखी वाटली.

दाजींनी बाहेर बघितलं. मग मेहुण्याकडे बघितलं. बराच वेळ, त्याच्या तोंडाकडे, मग गुडघ्याच्या पट्ट्याकडे, जो आता पँटच्या वरून बांधलेला असे. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणलं, मध्ये चिमूटभर अंतर ठेवून.

“थोडी,” ते म्हणाले.

बाईंची पेन्सिल हवेत थांबली. दाजींनी पुन्हा श्वास गोळा केला. पुढचा शब्द यायला कारखान्यातली एक फरशी घासून व्हावी एवढा वेळ गेला.

“लिहा.”

बाईंनी खूण केली. ताई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिचे डोळे भरले होते आणि ती भावाकडे बघत होती, बघ, म्हणाले शेवटी, अशा नजरेनं. दाजीही त्याच्याकडेच बघत होते, काहीतरी मोठी वस्तू हातात दिल्यानंतर माणूस बघतो तसे.

“थोडी” कुठल्या रकान्यात जाते हे त्या खोलीत त्या एकट्याला ठाऊक होतं. नव्या बाईंनाही अजून कुणी सांगितलं नसावं.

“बरं केलंत दाजी,” तो म्हणाला.

संध्याकाळी दाजींना कॉटवर ठेवून तो घरी निघाला. थिएटरच्या आसनापर्यंत आला आणि बसला. एरवी तो फक्त चढताना बसे. खालून शिवणाऱ्या बाई येत होत्या, एका हातात वर कुणाकडे तरी पोचवायचं शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं, दुसरा कठड्यावर. वर्षभर त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आसनापाशी येऊन त्या थांबल्या, कारण तिथं थांबावंच लागे, आणि थांबल्यावर न विचारणं बरं दिसलं नसतं.

“काय, कुणाची वाट बघताय?”

“कुणाची नाही,” तो म्हणाला. “गुडघा दुखतोय.”

याला काय म्हणायचं असतं ते बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग गाठोडं पायरीवर ठेवलं.

“सरका जरा,” त्या म्हणाल्या आणि शेजारच्या नंबरावर बसल्या. छाती वर-खाली होत होती. ती जागेवर येईपर्यंत त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

“मी आपली,” त्या म्हणाल्या, “मुलाची वाट बघतेय.”